पाहुणा तारा आणि स्फटिकाचे भिंग

धारहून पश्चिमेला अहमदाबादच्या रस्त्याने निघाले की राजगडजवळ मोहनखेडा लागते. जैन यात्रेकरूंची तिथे बारमाही ये-जा असते. हे तीर्थ ज्यांच्या नावाशी जोडले गेले आहे, त्या आचार्य राजेंद्रसूरींनी ‘अभिधान राजेंद्र’ हा प्राकृत शब्दांचा सात खंडांचा कोश रचला. १९०६ मध्ये त्यांनी राजगडला देह ठेवला तेव्हा लेखन पुरे झाले होते, पण छापून पूर्ण झालेला कोश त्यांना पाहता आला नाही. ते काम मागे राहिलेल्यांनी केले. एकाने आरंभ करावा आणि फळ पुढच्या पिढीच्या ओंजळीत पडावे, ही रीत ग्रंथांच्या आणि मंदिरांच्या बाबतीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. विज्ञानाच्या उपकरणांबाबत ती आपण अजून मनापासून स्वीकारलेली नाही. गॅमा किरण एकवटणारे स्फटिकाचे भिंग हे असेच पिढ्यांचे काम आहे. शंभराहून अधिक वर्षे ते घडते आहे, अजून पुरे झालेले नाही, आणि ते पुरे करणाऱ्यांत भारताचा हात असला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

त्यासाठी आधी हजार वर्षे मागे, त्याच धार नगरीत जाऊ. मराठी वाचकाला धार ओळखीची आहे ती पवारांमुळे. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तिथल्याच किल्ल्यातला. पण पवारांच्या सुमारे सात शतके आधी, साधारण १०१० ते १०५५ या काळात, परमार राजा भोज तिथे राज्य करीत होता. ‘राजमृगांक’ हा ज्योतिषाचा करणग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्याचे आरंभवर्ष शके ९६४, म्हणजे इ. स. १०४२. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या ग्रंथाची दखल घेतली आहे. करणग्रंथ हे पंचांगकर्त्याचे रोजचे हत्यार. एक आरंभवर्ष धरायचे आणि तिथून तिथी, ग्रहांची स्थाने, ग्रहणे गणिताने काढायची. त्या काळच्या जगात या गणिताला तोड देणारे फार थोडे होते.

राजमृगांकाच्या आरंभवर्षाला बारा वर्षे झाली आणि ४ जुलै १०५४ रोजी वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाशी, एक नवा तारा उजळला. चिनी दरबारातल्या ज्योतिषांनी त्याला पाहुणा तारा म्हटले. तेवीस दिवस तो भरदुपारी दिसत होता. रात्रीच्या आकाशातून तो दिसेनासा झाला तो एप्रिल १०५६ मध्ये. माळव्यावर तेव्हा आषाढाचे ढग असतील, पण शरदातले निरभ्र आकाश धारलाही मिळालेच. तरी आज साऱ्या जगात त्या ताऱ्याची जन्मतारीख सांगितली जाते ती चिनी बखरींवरून. करणग्रंथात अशा पाहुण्याला जागा नव्हती. जे पुन्हा पुन्हा येते त्याचे गणित मांडता येते. जे एकदाच येते त्याची नोंद ठेवावी लागते. गणितात आपण पुढे होतो, नोंदीत मागे राहिलो. हा धडा आजही शिळा झालेला नाही.

त्या स्फोटाच्या जागी आज क्रॅब तेजोमेघ आहे. आपल्यापासून तो सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. इंग्लंडमधल्या जॉन बेव्हिसने १७३१ मध्ये तो दुर्बिणीतून पाहिला. १९६८ मध्ये त्याच्या पोटात एक स्पंदक सापडला: शहराएवढ्या आकाराचा, सेकंदाला तीस फेऱ्या घेणारा न्यूट्रॉन तारा. हा तेजोमेघ रेडिओ लहरींपासून अतितीव्र गॅमा किरणांपर्यंत सगळ्या प्रकारच्या प्रारणात उजळलेला आहे. त्यामुळे नवे उपकरण बांधले की खगोलशास्त्रज्ञ ते आधी क्रॅबकडे वळवतात. सोनाराला कसोटीचा दगड तसा त्यांना क्रॅब.

गॅमा किरणांचा शोध पॅरिसमध्ये पॉल व्हिलारला १९०० मध्ये लागला. प्रकाशाचेच हे रूप, पण कमालीचे भेदक. काचेतून ते न वळता निघून जातात आणि आरशावर परततही नाहीत. क्ष-किरणांना निदान इतके तरी जमते की गुळगुळीत पृष्ठभागाला अगदी चाटून गेले तर ते परावर्तित होतात. या युक्तीचा कळस म्हणजे जून २०१२ मध्ये अंतराळात गेलेली नासाची न्यूस्टार दुर्बीण. तिच्या प्रत्येक आरसा-संचात एकात एक बसवलेली १३३ नळकांडी आहेत, आणि त्यांवर धातूंचे अतिपातळ थर चढवलेले आहेत. इतके करूनही ती ७९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांपर्यंतच पोहोचते. त्यापलीकडे आरसा हात टेकतो.

आणि खरी श्रीमंती तर त्यापलीकडेच आहे. फुटलेल्या ताऱ्यात ताजी मूलद्रव्ये तयार होतात आणि त्यांतली किरणोत्सारी द्रव्ये आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात. २०१४ मध्ये एम-८२ या दीर्घिकेत एक तारा फुटला, तेव्हा युरोपच्या इंटिग्रल उपग्रहाने कोबाल्ट-५६ च्या ८४७ आणि १२३८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषा टिपल्या. आपल्या रक्तातले लोह ज्या भट्टीत तयार झाले तिचा हा थेट पुरावा, कारण कोबाल्ट-५६ चे पुढे लोहच होते. दुसरी रेषा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची. इलेक्ट्रॉन आणि त्याचे प्रतिद्रव्य पॉझिट्रॉन एकमेकांना भिडून नष्ट होतात तेव्हा ती निघते. आकाशगंगेच्या मध्याकडून ती येते हे १९७० च्या दशकात बलूनवरच्या उपकरणांनी दाखवले. इतके पॉझिट्रॉन तिथे कुठून येतात, हा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही सुटलेला नाही. कारण सरळ आहे: आपल्याजवळचे चित्र फार पुसट आहे.

ते पुसट का राहते? पावसाचे पाणी साठवणारी गृहिणी सगळ्या अंगणभर भांडी मांडत बसत नाही. ती छपराला पन्हळ लावते आणि पन्हळीखाली एक हंडा ठेवते. दुर्बिणीचे भिंग किंवा आरसा हीच पन्हळ. मोठ्या क्षेत्रावर पडलेला प्रकाश ती एका छोट्या डिटेक्टरवर आणते. गॅमा किरणांना पन्हळ नाही, म्हणून आजवर अंगणभर भांडी मांडावी लागली. जेवढे क्षेत्र तेवढाच मोठा डिटेक्टर. आणि डिटेक्टर जेवढा मोठा तेवढा त्यात कचराही जास्त, कारण विश्वकिरण सतत उपग्रहावर आदळत असतात आणि उपकरणाच्या धातूतच नवे गॅमा किरण निर्माण करतात. आकाशातून आलेले मूठभर कण या गलक्यात हरवतात.

पन्हळ घडवण्याची वाट स्फटिकातून जाते. १९१२ मध्ये म्यूनिकला माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून क्ष-किरण स्फटिकातून सोडले गेले आणि पलीकडच्या पट्टीवर ठिपक्यांची नक्षी उमटली. स्फटिकातल्या अणूंचे थर समान अंतरावर असतात. किरण त्या थरांवर एका नेमक्या कोनात पडला की सगळ्या थरांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि किरण ठरलेल्या दिशेने वळतो. ब्रॅग पितापुत्रांनी त्या कोनाचा नियम मांडला. १९१४ मध्ये रदरफोर्ड आणि आंद्राद यांनी सैंधवाच्या स्फटिकावर गॅमा किरण वळवून त्यांची तरंगलांबी मोजली. म्हणजे गॅमा किरण वळतात हे माणसाला पहिल्या महायुद्धापासून ठाऊक आहे. ते एका जागी आणायला मात्र पुढची अनेक दशके लागली. कॅलिफोर्नियात जेसी ड्यूमंड यांनी १९४७ च्या सुमारास स्फटिकाची पट्टी वाकवून गॅमा किरण मोजणारे यंत्र उभे केले, आणि त्याच यंत्राने ५११ ची ती रेषा त्यांनी अचूक मापली. १९८० च्या दशकात शिकागोजवळच्या आर्गन प्रयोगशाळेत रॉबर्ट स्मिदर यांनी ही युक्ती आकाशासाठी वापरायची कल्पना पुढे नेली: एका चौकटीवर समकेंद्री कड्यांत शेकडो लहान स्फटिक बसवायचे, प्रत्येकाचा कल असा की त्यातून वळलेला किरण एकाच बिंदूवर पोहोचेल. अशा भिंगाला आज लाउए भिंग म्हणतात.

फ्रान्समध्ये तुलूझच्या पीटर फॉन बालमूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्षात आणले. त्यांच्या ‘क्लेअर’ या प्रयोगातले भिंग ४५ सेंटिमीटर व्यासाचे होते. जर्मेनियमचे, थोडे सिलिकॉन मिसळलेले ५५६ स्फटिक आठ कड्यांत बसवलेले, १७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टसाठी जुळवलेले, आणि नाभीय अंतर २.७७ मीटर. १४ जून २००१ रोजी आल्प्सच्या पायथ्याहून बलूनने ते वर नेले आणि क्रॅबकडे रोखले. नेम नीट लागलेला असा वेळ मिळाला सव्वा तासाच्या आतबाहेर. त्या वेळात भिंगाने वळवून आणलेले गॅमा कण मोजले: तेहतीस.

तेहतीस हा आकडा वाचून कोणी नाक मुरडू नये. १९६१ मध्ये एक्सप्लोरर-११ या पहिल्या गॅमा उपग्रहाच्या हाती अवघे बावीस कण लागले होते, आणि त्या बावीस कणांतून एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. क्लेअरच्या तेहतीस कणांनी इतके सिद्ध केले की खगोलीय गॅमा किरण भिंगाने एकवटता येतात. भोजाच्या कारकिर्दीच्या अखेरीस उजळलेल्या पाहुण्याने पन्हळीची पहिली परीक्षाही घेतली आणि पन्हळ तीत उत्तीर्ण झाली.

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. किरणाची ऊर्जा वाढते तसा वळणाचा कोन लहान होतो. ५११ ची रेषा जर्मेनियमच्या सर्वांत सोयीच्या थरांवरून अर्ध्या अंशापेक्षाही कमी वळते. साहजिकच एक मीटर त्रिज्येच्या कड्याचा नाभिबिंदू सुमारे १३५ मीटरवर पडतो. एवढी लांब दुर्बीण एका उपग्रहावर मावत नाही. भिंग एका उपग्रहावर, डिटेक्टर दुसऱ्यावर, आणि दोघांनी अंतर राखून बरोबर उडायचे, असाच मार्ग उरतो. दुसरी अडचण स्फटिकांची. निर्दोष स्फटिक इतका काटेकोर असतो की ऊर्जेचा केसाएवढा पट्टाच वळवतो. म्हणून थरांत किंचित विस्कळीतपणा असलेले स्फटिक मुद्दाम वाढवावे लागतात, किंवा थर बेताने वाकवावे लागतात. दोष हवा, पण मोजून हवा. ही कला ग्रेनोबल आणि बर्लिनच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे खपून साधली. तिसरी अडचण नजरेची: हे भिंग आकाशाचा फार लहान तुकडा पाहते. या सगळ्यांमुळे युरोपात मॅक्स, जीआरआय, ड्युअल अशा नावांनी मांडलेल्या भिंगांच्या मोहिमा कागदावरच राहिल्या. इटलीतला फेरारा विद्यापीठाचा गट आजही नेटाने त्यामागे आहे. पण आजवर एकही लाउए भिंग उपग्रहावरून पृथ्वीभोवती फिरलेले नाही. जागा रिकामी आहे.

आता आपल्याकडे पाहू. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर सीझेडटीआय नावाचे उपकरण आहे. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने आणि अनेक संस्थांच्या सहभागाने घडले, आणि त्याच्या कामकाजाचे केंद्र पुण्याच्या आयुका संस्थेत आहे. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या स्फटिकाच्या ६४ चकत्या, प्रत्येकीत २५६ घरे, आणि वर टँटलम धातूची भोके पाडलेली जाळी. जाळीची सावली कुठल्या घरांवर कशी पडते यावरून किरण कुठून आला हे गणिताने काढायचे. सावलीवरून दिशा ओळखणारे हे उपकरण करणग्रंथांच्या वारसदारांना शोभणारे आहे. त्यानेच २०१७ मध्ये क्रॅबच्या स्पंदकाच्या प्रारणाचे ध्रुवण, म्हणजे लहरींच्या कंपनाचा कल, फेरीच्या प्रत्येक टप्प्यावर मोजून दाखवले आणि जगाचे लक्ष वेधले. नोव्हेंबर २०२३ पर्यंत त्याने सहाशे गॅमा स्फोट नोंदवले. आता मुंबईची आयआयटी, टाटा संस्था आणि इतर सहकारी मिळून ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या मोहिमेचा आग्रह धरीत आहेत. ती सगळ्या आकाशावर एकाच वेळी पहारा ठेवील. १०५४ च्या पाहुण्याची नोंद आपल्याकडून राहिली. दक्ष उडाली तर पुढच्या पाहुण्याची राहणार नाही. हा आग्रह रास्त आहे आणि त्याला मान्यता मिळाली पाहिजे.

याहून वरच्या ऊर्जेकडेही आपली नजर आहे. मध्य प्रदेशातच, सातपुड्यातल्या पचमढीला, टाटा संस्थेने पंचवीस दुर्बिणींचा ताफा मांडून गॅमा किरणांमुळे वातावरणात उठणारी निळी चमक टिपली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी लडाखमध्ये हानले इथे, ४२७० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २१ मीटर व्यासाच्या मेस दुर्बिणीचे उद्घाटन झाले. वरच्या टोकाला मेस, खालच्या टोकाला अ‍ॅस्ट्रोसॅट. मधला पट्टा, जिथे ताऱ्यांच्या भट्ट्यांतल्या रेषा आहेत, तो मोकळा. इंटिग्रलने बावीस वर्षांच्या सेवेनंतर २८ फेब्रुवारी २०२५ रोजी निरीक्षण थांबवल्यावर तर तो अधिकच मोकळा झाला.

पहारेकरी आणि भिंग यांत निवड करण्याचा प्रश्न नाही. पहारेकऱ्याने हाक द्यायची, भिंगाने निरखायचे. पहारेकऱ्याचे कसब आपल्याजवळ आलेले आहे. भिंगाला लागणारे कसबही सुट्या सुट्या तुकड्यांत आपल्याजवळ आहे, हे मुद्दाम सांगायला हवे.

मोहनखेड्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर इंदूर. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा क्ष-किरण देणारा सिंक्रोट्रॉन २००५ पासून चालतो. त्याच्या एका किरणरेषेवर भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचा लांब स्फटिक लंबवर्तुळाच्या वळणात वाकवून बसवला आहे, आणि तो क्ष-किरण एका बिंदूवर आणतो. ऊर्जा कमी, काम वेगळे. पण स्फटिक वाकवायचा, त्याचा कोन अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळवायचा आणि किरण एकवटायचा, ही विद्या माळव्यात रोजच्या वापरात आहे. एकस्फटिक वाढवणाऱ्या प्रयोगशाळा तुर्भ्याला आहेत, इंदूरला आहेत. बलून सोडणारे टाटा संस्थेचे केंद्र हैदराबादला आहे. राहिला प्रश्न दोन उपग्रहांच्या जोडीचा. ५ डिसेंबर २०२४ रोजी युरोपची प्रोबा-३ ही जोडी, दीडशे मीटरच्या अंतरावरून मिलिमीटरच्या बारकाईने एकमेकांशी नेम धरणारी, अंतराळात गेली ती आपल्या पीएसएलव्ही रॉकेटने, श्रीहरिकोट्याहून. त्यानंतर महिन्याभरात इस्रोने स्पेडेक्सचे दोन उपग्रह सोडले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ते एकमेकांना जोडून दाखवले. लाउए भिंगाला लागणारे अंतर आता स्वप्नातले उरलेले नाही.

याचा लाभ आकाशापुरता राहणार नाही. परळच्या वा अन्य कुठल्या रुग्णालयात पेट स्कॅनखाली निजलेल्या रुग्णाच्या शरीरातून बाहेर पडते ती हीच ५११ ची रेषा, आकाशगंगेच्या मध्यातून येते तीच. साध्या गॅमा कॅमेऱ्यात शिशाची जाळी बहुतेक किरण अडवून टाकते आणि थोडेच कामी येतात. स्मिदर यांनी स्फटिकांचे भिंग वैद्यकासाठीही सुचवले होते, ते लहान गाठी नेमक्या दिसाव्यात म्हणून. ती वाट अजून चालून झालेली नाही.

आमचे मागणे माफक आहे. एकदम उपग्रह नको. पहिली पायरी म्हणून इंदूरला एक लांब चाचणीमार्ग उभारावा. क्लेअरच्या गटाने २००३ मध्ये स्पेनमधल्या एका मोकळ्या पट्टीवर २०५ मीटरवरून भिंगाची चाचणी घेतली होती. माळव्याच्या पठारावर एवढी सपाट जागा मिळायला अडचण नाही. दुसरी पायरी, तुर्भे आणि इंदूरच्या प्रयोगशाळांना हवे तसे दोष असलेले जर्मेनियमचे आणि तांब्याचे स्फटिक वाढवण्याचे दहा वर्षांचे निश्चित काम द्यावे. दर वर्षी नव्याने मंजुरी मागायला लावू नये. तिसरी पायरी, हैदराबादहून एक बलून, त्याखाली भारतीय भिंग, आणि नेम क्रॅबवर. इंदूरच्या अहिल्या विद्यापीठातली, धार-देवासच्या महाविद्यालयांतली मुले या कामात पहिल्या दिवसापासून हवीत, कारण या भिंगाने पाहणारे डोळे त्यांचेच असतील.

ज्यांनी आज आरंभ करायचा त्यांना कदाचित पूर्ण झालेले भिंग पाहायला मिळणार नाही. मोहनखेड्याच्या कोशकाराला छापील कोश मिळाला नव्हता. लाउएंना भिंग दिसले नव्हते. काम अडले नाही, कारण कोणीतरी ते हाती घेऊन पुढे दिले. हजार वर्षांपूर्वी वृषभ राशीत पाहुणा आला तेव्हा आपले गणित तयार होते, नोंदवही नव्हती. आज नोंदवही आहे. भिंगाचे काम सुरू करावे, आणि ते याच दशकात, माळव्यातच सुरू करावे.